तीन महिन्यांचा आकडा आणि बारा महिन्यांचा ऊस

नोव्हेंबर महिना. कारखान्यांची धुराडी पेटलेली किंवा पेटण्याच्या बेतात. गव्हाणीत मोळी टाकून झालेली, तोडणीच्या टोळ्या कोप्या घालून बसलेल्या, आणि पहिली उचल किती यावर गावोगाव बैठका चाललेल्या. अशाच एका बैठकीला मी मागे हजर होतो. एका खासगी कारखान्याच्या शेतकी खात्याचे साहेब आले होते. शेतकऱ्यांनी दराचा विषय काढताच साहेबांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. म्हणाले, "मंडळी, हे माझं नाही, छापून आलेलं आहे. जुलै ते सप्टेंबर कंपनीला तोटा. आता तुम्हीच सांगा, वाढीव दर कुठून द्यायचा?" बैठक गप्प झाली. छापील आकड्याला उत्तर काय देणार?

पुढे मे महिना संपता संपता त्याच गावच्या पारावर दुसरं कात्रण फिरत होतं. कंपनी तीच. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत भरघोस नफा. पोरांनी मोबाईलवर गावभर पाठवलं होतं. "बघा, आपल्याला तोटा दाखवला आणि इकडं एवढा नफा! सरळ सरळ फसवलं." या वेळी चिडायची पाळी शेतकऱ्यांची होती.

मला दोन्ही वेळेला एकच म्हणायचं होतं. दोन्ही कात्रणं खरी होती, आणि दोन्हींवरून काढलेला अर्थ चुकीचा होता. साहेबांनी खोटं सांगितलं नव्हतं आणि पोरांनीही नाही. तीन महिन्यांचा आकडा म्हणजे काय, तो कसा तयार होतो आणि त्यात अंदाज किती असतो, हे मात्र दोघांनीही पाहिलं नव्हतं. दराचं भांडण जर छापील आकड्यांवर होणार असेल, तर तो आकडा वाचता येणं हे आता ऊसउत्पादकाचं काम झालं आहे. ते काम फक्त सीएचं म्हणून सोडून देता येणार नाही.

हा आकडा येतो कुठून?

पूर्वी आपल्याकडे कारखाना म्हणजे सहकारी, आणि हिशेब म्हणजे वार्षिक सभेचं पुस्तक. आता तसं राहिलेलं नाही. खासगी कारखाने बरेच झाले. त्यातल्या काही कंपन्यांचे शेअर बाजारात विकले-घेतले जातात. अशा कंपन्यांना सेबीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे दर तीन महिन्यांचा निकाल तिमाही संपल्यापासून 45 दिवसांत जाहीर करावा लागतो, आणि वर्षाचा 60 दिवसांत. म्हणजे जुलै-सप्टेंबरचा निकाल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत येणार, नेमका ऊसदराच्या हंगामात. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या प्रदेशात असेल, तिथल्या भाषेतल्या एका दैनिकात त्याची जाहिरातही द्यावी लागते. साहेबांच्या खिशातलं कात्रण ते हेच.

ज्या खासगी कारखान्यांचे शेअर बाजारात नाहीत त्यांना हे बंधन नाही. सहकारी कारखान्यांनाही नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

तीन महिन्यांचा हिशेब कसा मांडायचा याचे लेखी दंडक आहेत. चार्टर्ड अकौंटंटांच्या संस्थेने एएस 25 नावाचं मानक काढलं, ते एप्रिल 2002 पासून लागू झालं. 2016-17 पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या आणि शेअर बाजारातल्या कंपन्यांना इंड एएस 34 लागू झालं. दोन्हींचा गाभा एकच आहे. वर्षाच्या हिशेबाला जी पद्धत, तीच तीन महिन्यांच्या हिशेबाला. तिमाही आहे म्हणून वेगळं माप वापरायचं नाही.

पद्धत वेगळी, अंदाज वेगळा

इथे दोन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत. एक हिशेबाची पद्धत, जिला कंपनीच्या कागदात लेखाधोरण म्हणतात. दुसरा अंदाज. गावातल्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण पैसेवारी आपण दरवर्षी बघतो.

खरिपाची पैसेवारी एकदम ठरत नाही. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी येते. पीक उभं असतं, कणीस भरायचं असतं, आणि तरी आकडा द्यावा लागतो. पुढे सुधारित येते आणि डिसेंबरात अंतिम. 50 पैशांच्या वर की आत, यावर गावाच्या सवलती ठरत आल्या, म्हणून आपण त्या आकड्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. आता बघा, प्लॉट कसे निवडायचे, पीक कापणी कशी घ्यायची, कोणत्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पैसे काढायचे, ही झाली पद्धत. उभं पीक बघून धरलेला आकडा हा झाला अंदाज. सप्टेंबरचा अंदाज डिसेंबरात बदलला तर त्यात चोरी नाही. मधे पावसाने दगा दिला असेल, आकडा बदलणारच. पण सप्टेंबरात एका पद्धतीने मोजलं आणि डिसेंबरात गुपचूप दुसऱ्याच पद्धतीने मोजलं, तर गाव उठून विचारणार की हे कुणाला विचारून केलं?

कंपनीच्या हिशेबालाही नियम असाच आहे. अंदाज बदलला तर तो ज्या तिमाहीत बदलला तिथून पुढे धरायचा. मागचं खरडून काढायचं नाही, पण बदल मोठा असेल तर किती आणि कशामुळे ते टिपेत सांगायचं. पद्धत बदलली तर मात्र तेवढ्यावर भागत नाही. सर्वसाधारणपणे मागच्या तिमाह्यांचे आकडेही नव्या पद्धतीने पुन्हा मांडायचे, म्हणजे वाचणाऱ्याला सारख्याशी सारखं ताडता येतं. मानकात हेही साफ म्हटलं आहे की तिमाही हिशेबात वार्षिक हिशेबापेक्षा अंदाजाचा भाग जास्त असतो. तीन महिन्यांनी गोदामातलं एकूण एक पोतं मोजायला लावलेलं नाही. ऑडिटरसुद्धा तिमाहीला पूर्ण ऑडिट करत नाही, मर्यादित तपासणी करतो. पूर्ण ऑडिट वर्षाच्या हिशेबाचं. एवढंच काय, शेवटच्या तिमाहीचा आकडा बहुधा वजाबाकीने काढलेला असतो. वर्षाच्या ऑडिट झालेल्या आकड्यातून पहिल्या नऊ महिन्यांचा छापलेला आकडा वजा केला की उरेल ती जानेवारी-मार्चची तिमाही. तशी टीप निकालाखाली लिहिलेली असते, पण ती वाचतो कोण?

पहिल्या नऊ महिन्यांत जे अंदाज चुकले असतील, ते सगळे त्या उरलेल्या तिमाहीत येऊन पडतात. पारावर फिरणारं ते मे महिन्याचं कात्रण या वजाबाकीचं होतं.

धुराडं बंद, खर्च चालू

आता साहेबांच्या कात्रणाकडे येऊ. आपल्याकडे गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलला संपतं. कंपनीचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च. म्हणजे वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत गाळप जवळपास नाही. जुनी साखर विकायची, आणि खर्च करत राहायचा. कायम कामगारांचा पगार, व्याज, विमा, घसारा, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ओव्हरहॉलिंग. मिलचे रोलर काढायचे, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या. हा सगळा खर्च बंद हंगामातला.

या खर्चाचं तिमाही हिशेबात काय करायचं, हाच मुळात पद्धतीचा प्रश्न. पूर्वी काही साखर कंपन्या निकालाखाली टीप द्यायच्या की बंद हंगामाचा खर्च पुढच्या महिन्यांत तयार होणाऱ्या साखरेच्या किमतीत घालण्यासाठी पुढे ओढला आहे. तसं केलं की जुलै-सप्टेंबर बरा दिसायचा. आजचं मानक मोजक्या शब्दांत सांगतं. वर्षाअखेरीला जो खर्च पुढे ओढता आला नसता, तो तिमाहीअखेरीलाही ओढायचा नाही. आणि जो खर्च अजून झालाच नाही, ज्याची देणदारीही उभी राहिली नाही, तो आधी धरायचाही नाही. पुढे ओव्हरहॉलिंग करायचं ठरलं आहे म्हणून आज तरतूद करता येत नाही. उत्पन्नाचंही तसंच. हंगामात येणारं उत्पन्न बारा महिन्यांवर पसरून दाखवायचं नाही.

याचा परिणाम काय? जुलै-सप्टेंबरला तोटा दिसणं हे साखर कंपनीच्या बाबतीत नवल नाही. आपल्या घरचाच हिशेब घ्या. आडसाली ऊस लावणाऱ्याने जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांचा जमाखर्च मांडला, तर बेणं, नांगरट, खत, मजुरी सगळं खर्चाच्या बाजूला आणि जमेला शून्य. म्हणून त्याची शेती तोट्यात गेली असं सोसायटीचा सचिव म्हणेल का? म्हणालाच तर आपण त्याला बांधावर नेऊन ऊस दाखवू. जानेवारीत ऊस गेल्यावर त्या तीन महिन्यांचा नफा काढला तर शेतकरी सावकार दिसेल. दोन्ही चित्रं अर्धी आहेत.

मानक तयार करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. धंदा हंगामी असेल तर तसं टिपेत लिहा. आणि फारच हंगामी असेल तर तिमाहीअखेर संपणाऱ्या बारा महिन्यांचे आकडे आणि त्याआधीच्या बारा महिन्यांचे आकडे देणं उपयोगी ठरेल. पहिली गोष्ट बंधनाची, दुसरी केवळ सल्ल्याची. माझ्या मते ऊसउत्पादकाच्या खऱ्या उपयोगाची आहे ती दुसरी.

शंभर रुपयांच्या दराचे अडीच कोटी

आता अंदाजाकडे वळू. साखर कंपनीच्या डिसेंबरअखेरच्या तिमाहीत दोन अंदाज फार मोठे असतात. ऊसदर किती धरला आणि गोदामातल्या साखरेला काय किंमत लावली. हे दोन्ही एकमेकांत कसे गुंततात ते एका कल्पित कारखान्याच्या हिशेबावरून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत.

समजा डिसेंबरअखेर 4 लाख टन गाळप झालं. उतारा सोयीसाठी 10 टक्के धरू, म्हणजे एका टनाला एक क्विंटल साखर. 4 लाख क्विंटल साखर झाली. त्यातली 1 लाख विकली, 3 लाख गोदामात आहे. ऊस, प्रक्रिया सगळं धरून आणि मळी-बगॅसची किंमत वजा करून एका क्विंटलची पडतळ आली 3,500 रुपये. बाजारभाव, विक्रीखर्च वजा जाता, 3,550 रुपये.

साठ्याचा नियम जुना आणि शहाणपणाचा आहे. पडतळ आणि मिळू शकणारी किंमत यात जी कमी ती लावायची. इथे पडतळ कमी, म्हणून 3 लाख क्विंटल 3,500 ने धरले. साठ्यावर तोटा नाही.

आता याच कारखान्याने मोळी टाकताना जाहीर केलं होतं की टनाला 100 रुपये जादा देऊ. ते 100 रुपये डिसेंबरच्या हिशेबात धरले तर काय होतं? 4 लाख टनांचे 4 कोटी देणं वाढलं. त्यातले विकलेल्या 1 लाख क्विंटलच्या वाट्याचे 1 कोटी सरळ नफ्यातून गेले. उरलेले 3 कोटी साठ्याच्या पडतळीत जायला हवेत; पडतळ 3,600 होते. पण बाजारभाव 3,550 च आहे. म्हणून साठा 3,550 नेच धरायचा. 3 कोटींतले दीड कोटी साठ्यात बसले आणि दीड कोटी तोटा म्हणून याच तिमाहीत आला. एकूण नफा अडीच कोटींनी कमी.

म्हणजे ऊस तोच, साखर तीच, गोदाम तेच. एक 100 रुपयांचा आकडा धरला की अडीच कोटी खाली, नाही धरला की अडीच कोटी वर. पुढच्या तिमाहीत साखर महागली तर साठ्याचे ते दीड कोटी परत जमेलाही येऊ शकतात. नियमाला ते मान्य आहे. मग पारावरचं कात्रण म्हणणार, जानेवारी-मार्चला नफा वाढला!

प्रश्न असा की हे 100 रुपये धरायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर आहे का? नाही. नुसतं मनात असलेलं देणं धरता येत नाही. पण कायद्याने लागणारं, कराराने मान्य केलेलं किंवा जाहीर करून उत्पादकाला ज्याचा भरवसा दिला ते देणं टाळताही येत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज सांगितलं. एफआरपी ही तर कायद्याचीच रक्कम. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये. तिच्यावर, महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्याप्रमाणे, उत्पन्नाच्या वाटणीचं सूत्र आहे. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाच्या 70 टक्के, किंवा फक्त साखरेच्या उत्पन्नाच्या 75 टक्के. हा शेवटचा दर हंगाम संपल्यावर हिशेब करून ठरतो. म्हणजे डिसेंबरला आणि मार्चला कारखान्याच्या वहीत तो अंदाजानेच येणार. अंदाज काय धरला, हे विचारण्याचा शेतकऱ्याला हक्क नाही असं कोण म्हणेल?

उत्तर प्रदेशातही ही अडचण वेगळ्या वाटेने येते. तिथे राज्य सरकार दर जाहीर करतं. 2023-24 च्या हंगामात गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू झालं आणि लवकर पिकणाऱ्या जातींचा दर 350 वरून 370 रुपये केल्याचा निर्णय 18 जानेवारी 2024 ला आला. डिसेंबर तिमाही तर संपून गेली होती. पण निकाल जाहीर व्हायचा होता, आणि ऊस तर आधीच घेतलेला. तिमाही संपल्यावर कळलेली पण तिमाहीतल्याच व्यवहाराची किंमत पक्की करणारी अशी गोष्ट हिशेबात घ्यावी लागते.

सरकारी हुकूमही अंदाज उलटे करतात. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने त्या वर्षासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, आणि 15 डिसेंबरला 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत पुन्हा परवानगी दिली. ज्यांनी रस इथेनॉलकडे वळवायचा हिशेब बांधला होता, त्यांना आठ दिवसांत दोनदा गणित मांडावं लागलं. अशा तिमाहीचा आकडा बघताना त्याखालची टीप आधी वाचली पाहिजे.

मळी कुणाच्या खात्यात?

आणखी एक जागा आहे, जिथे शेतकऱ्याचं लक्ष क्वचित जातं. मोठ्या साखर कंपन्यांच्या निकालात विभागवार आकडे असतात. साखर वेगळी, डिस्टिलरी वेगळी, वीज वेगळी. साखर विभागाची मळी कंपनीच्याच डिस्टिलरीला जाते. तिला भाव लावते कंपनीच. भाव कमी लावला की साखर विभाग तोट्यात आणि डिस्टिलरी फायद्यात दिसते. जास्त लावला की उलट. कंपनीच्या एकूण नफ्यात फरक पडत नाही, म्हणून शेअरवाल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. उसवाल्याला मात्र वाटायला हवं. कारण वाटणीच्या सूत्रात मळी मोजली जाते, आणि दराच्या बैठकीत "साखरेत तोटा आहे हो" एवढंच वाक्य पुढे केलं जातं.

म्हणून मळीला आणि बगॅसला काय भाव धरला, गेल्या वर्षी काय धरला होता, आणि पद्धत बदलली का, हे विचारलं पाहिजे. दराचा हिशेब वेगळ्या कागदावर होत असला तरी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायला हरकत काय?

आता सहकाराचं

इथवर वाचून काही सहकारी संचालक म्हणतील, हे सगळं खासगीवाल्यांचं, आपला काय संबंध? माझं म्हणणं असं की संबंध आपलाच जास्त आहे. खासगी कंपनीत उसवाला हा पुरवठादार. सहकारी कारखान्यात तो मालक. पण पुरवठादाराला शेअर बाजाराच्या कृपेने वर्षातून चार वेळा आकडा बघायला मिळतो, आणि मालकाला एकदा.

आपल्या सभासदाला हिशेब कधी दिसतो? वर्ष संपतं 31 मार्चला. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत. अहवालात 31 मार्चचा साखर साठा आणि त्याची लावलेली किंमत असते. सभेला बसलेला सभासद तो आकडा बघतो तेव्हा त्यातली बरीच साखर विकूनही गेलेली असते. ती कोणत्या भावाने गेली, मार्चचा अंदाज बरोबर निघाला की चुकला, हे त्या पुस्तकात नसतं. ते पुढच्या सप्टेंबरच्या पुस्तकात येतं, आणि तोपर्यंत दुसरा हंगाम उलटलेला असतो. मग सभेत होतो तो आरडाओरडा. अहवाल वाचला म्हणून मंजूर, मंजूर, आणि जेवणाच्या पंगती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सहकारी कारखान्यांनी, आणि शेअर बाजारात नसलेल्या खासगी कारखान्यांनीही, वर्षातून निदान दोनदा एका पानाचा अंतरिम हिशेब ऊसउत्पादकापुढे ठेवावा. एक 30 सप्टेंबरअखेरचा, हंगाम सुरू होण्याआधी. दुसरा 31 डिसेंबरअखेरचा, गाळप भरात असताना. त्यात चार गोष्टी लिहाव्यात. साखर साठा किती आणि कोणत्या किमतीला धरला. ऊसदर टनाला किती धरला आणि जाहीर केलेला दर किती. मळी-बगॅसला भाव काय लावला. आणि मागच्या हिशेबापासून कोणती पद्धत किंवा कोणता अंदाज बदलला. सोबत मागच्या बारा महिन्यांची बेरीज. गट कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो कागद लावायला किती खर्च येणार?

यावर हरकत येईल, आणि ती खोटी नाही. अंदाजाचे आकडे चव्हाट्यावर आले की विरोधक त्याचं राजकारण करतील. अर्धवट आकड्यावरून लोक भडकतील. बँकही कान टवकारेल. खरं आहे. पण आज काय होतंय? आकडा मिळत नाही म्हणून अफवा चालतात. "शेजारच्या कारखान्याला परवडतं, आपल्याला का नाही" यावर वर्षं गेली. अंदाज आहे असं लिहून दिलेला आकडा पारावरच्या अफवेपेक्षा बरा. आणि बँकेला तर कारखाना साखर तारण ठेवताना साठ्याचा तपशील देतोच. जो कागद बँकेला दाखवता येतो, तो सभासदाला दाखवायला लाज कसली?

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनीही हे मनावर घ्यावं. सोयाबीन किंवा हरभरा घेऊन गोदामात ठेवला, सभासदाला काही पैसे दिले, काही राखून ठेवले, की तुमच्याही वहीत तेच दोन अंदाज आले. साठ्याची किंमत आणि सभासदाचं राहिलेलं देणं. कायद्याने तिमाही हिशेब मागितला नाही म्हणून तो करू नये असं कुठे आहे? लहानपणीच सवय लागली तर पुढे जड जाणार नाही.

बैठकीत काय विचारावं

पुन्हा नोव्हेंबर येईल. कुणीतरी खिशातून कात्रण काढेल. त्या वेळी गप्प बसू नका आणि चिडूही नका. एवढं विचारा की हे तीन महिन्यांचं झालं, बारा महिन्यांचं काय? गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत किती होतं? साखर कोणत्या भावाने धरली? आमचा ऊस किती रुपयांनी धरला? टिपेत काय लिहिलं आहे, ती वाचून दाखवा.

ग्रामसेवक, सोसायटीचे सचिव, तलाठी यांनाही विनंती आहे. तुम्हाला ताळेबंद वाचता येतो. बैठकीत तुमच्याकडे माणसं बघतात. कोणाच्या बाजूने बोलू नका, पण छापील निकालाखालची बारीक अक्षरातली टीप मोठ्याने वाचून दाखवायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

आणि मे महिन्यात कात्रण फिरवणाऱ्या पोरांनाही तेच सांगणं. जानेवारी-मार्चच्या नफ्यावर दर मागू नका. तो आकडा उद्या जुलैत तुमच्याच अंगावर येईल. मागायचंच असेल तर वर्षाच्या बेरजेवर आणि वाटणीच्या सूत्रावर मागा. ऊस आपण बारा ते अठरा महिने सांभाळतो. त्याचा हिशेब तीन महिन्यांवर का तोडायचा?